कमी झालेला खांदा

माणसे एकत्र आली म्हणजे समाज होतो, असे आपण सहज धरून चालतो. माणसे बाजारात एकत्र येतात, एस.टी.च्या स्टँडवरही येतात. त्या गर्दीला मात्र कोणी समाज म्हणत नाही. मग हातातल्या फोनवर जमलेल्या मेळ्याला काय म्हणावे? व्हॉट्सॲपच्या एका समूहात २०२२ पासून १०२४ माणसे सामावतात. आमच्या वऱ्हाडातली कित्येक खेडी याहून लहान आहेत. खेड्याएवढी माणसे जमली खरी. पण खेडे वसले काय?

त्याच वर्षी आणखी एक सोय झाली. पूर्वी कोणी समूह सोडला की सर्वांना कळे. आता ती सूचना फक्त समूह चालविणाऱ्याला जाते. या सोयीत माणुसकी नाही, असे मी म्हणणार नाही. जाणाऱ्याला चारचौघांत कारण सांगावे लागू नये, ही त्याच्या अब्रूची राखणच आहे. परंतु अब्रू राखता राखता माणूसच नजरेआड झाला, तर त्या राखणीचे काय करावे?

अकोल्याची कावड पाहा. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी राजराजेश्वराला आणतात. वाट सुमारे १८ किलोमीटरांची. १९४४ च्या दुष्काळात काही तरुणांनी हा प्रघात पाडला, असे अकोल्यात सांगतात. आता शेकडो भरण्यांच्या कावडी निघतात आणि एकेका कावडीला कितीतरी खांदे लागतात. त्यातला एक खांदा निघाला, तर शेजारच्याला मान वळवून पाहावे लागत नाही. वाढलेले ओझे त्याला तत्काळ सांगते. समाजाची ही खूण मला पटते. एक माणूस उणा झाला, की दुसऱ्या कोणाला तरी ते जाणवले पाहिजे.

तथापि नुसत्या ओझ्याने भागत नाही. खांदा कोणाचा लागू द्यावा, हेही माणसेच ठरवितात, आणि घट्ट बांधलेल्या समाजाचे दार पुष्कळदा घट्ट लावलेले असते. हे गाडगेबाबांनी ओळखले होते. दिवसा ते हातात खराटा घेऊन गाव झाडीत. रात्री कीर्तनात प्रश्न विचारून लोकांकडूनच उत्तरे वदवून घेत. ऐकणारा नुसता ऐकत राहू नये, अशी ती रीत होती. पंढरपुरात ज्या वारकऱ्यांना अस्पृश्य म्हणून आसरा मिळेना, त्यांच्यासाठी त्यांनी चोखामेळा धर्मशाळा उभारली. आणि १९४९ साली ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. समाज बांधणारा माणूस बाहेर कोण राहिले हे आधी पाहतो, आणि बांधून झाल्यावर मालकी सांगत बसत नाही.

आमच्या शाळेतून दहावी होऊन गेलेल्या एका तुकडीचा असाच समूह आहे. दीडशे माणसे, पहाटेपासून फुलांची चित्रे सुरू. एकदा स्नेहमेळावा ठरला. माणशी दोन हजार रुपये वर्गणी, उत्तम हॉटेल. त्या रात्री एक कास्तकार गडी मुकाट्याने समूहातून निघून गेला. फुले येतच राहिली. समूह चालविणारा एस.टी.त कंडक्टर आहे. त्याला ती सूचना दिसली आणि रजा टाकून तो त्याच्या गावी गेला. दोघांत काय बोलणे झाले, ते त्याने कोणालाही सांगितले नाही. आठवड्याने त्याने समूहावर एवढेच लिहिले, की हॉटेल रद्द. मेळावा शाळेच्या पटांगणात, ज्याने त्याने घरची भाकर आणावी. मेळाव्याला दोघे एकाच फटफटीवरून आले.

या गोष्टीत फोनने काहीच केले नाही, असे कसे म्हणावे? निरोप त्यानेच पोचविला. पण निरोप पोचणे आणि माणूस उठून जाणे, यांच्यामधले अंतर कोणतेही यंत्र तोडू शकत नाही. ते ज्याचे त्यानेच तोडावे लागते. मला काळजी वाटते ती दुसरीच. दीडशे जणांत सूचना एकालाच आली, आणि तो एकटाच उठला. तो त्या दिवशी ड्यूटीवर असता तर? एकाच खांद्यावर कावड किती दूर जाईल?

दिवाळीत आपल्या फोनवर शुभेच्छांचा पाऊस पडेल. त्यात कोणाची शुभेच्छा आली नाही, एवढे जरी आपण प्रत्येकाने पाहिले, तरी खेडे वसायला सुरुवात होईल.