नियत आणि नियती

माझी अम्मा नेक बाई होती. मोहल्ल्यात कुणाच्या घरी बाळंतपण असो की मय्यत, तिथं पहिल्यांदा तीच पोचायची. तिला साखरेचा आजार होता आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. अम्मा दर ईदला म्हणायची, "कल से चलती मैं, इन्शाअल्लाह." तो 'कल' पंधरा वर्षांत उजाडला नाही. २०१७ साली तिच्या पायाच्या अंगठ्याला चप्पल लागून जखम झाली. ती भरलीच नाही. आधी अंगठा गेला, मग पाऊल. २०१९ मध्ये अम्माही गेली. शेवटच्या दिवसांत एकदा ती मला म्हणाली, "नियत तो थी बेटा, हुआ नहीं."

तिचं हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. दोन वर्षांपूर्वी मी स्वतः रक्त तपासलं. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या तपासणीचा आकडा आला ६.१. डॉक्टर म्हणाले, "बाई, ६.५ला मधुमेह धरतात. ५.७ ते ६.४ हा उंबरठा. अजून वेळ आहे, चालायला लागा." मी चटकन म्हणाले, "उद्यापासून, इन्शाअल्लाह." आणि माझ्याच तोंडून मला अम्माचा आवाज ऐकू आला.

ही गोष्ट फक्त माझ्या घरची नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची एक मोठी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तिच्या अंदाजानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे साडेतेरा कोटी लोक माझ्यासारखे उंबरठ्यावर उभे आहेत. यांतल्या किती जणांची चालायची नियत नसेल? बहुतेकांची असेलच. मग अडतं कुठं? नियत म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न मला तेव्हापासून पडला.

सर्व कर्मं नियतीवर अवलंबून आहेत, या आशयाची हदीस आपल्यातल्या लहान मुलालाही माहीत असते. इमाम बुखारींनी आपल्या संग्रहात ती सर्वात आधी दिली. इमाम नववींच्या प्रसिद्ध चाळीस हदीसींची सुरुवातही तिनंच होते. आपण मात्र या हदीसीचा परवाना करून टाकला आहे. 'नियत साफ असली की झालं, अल्लाह नियत बघतो,' असं म्हणून आपण लोडाला टेकतो. पण ती हदीस पुढं कुणाविषयी बोलते? हिजरत करणाऱ्यांविषयी. एक जण अल्लाह आणि रसूलसाठी निघाला, दुसरा दुनियेच्या फायद्यासाठी किंवा एखाद्या स्त्रीशी लग्न करण्यासाठी निघाला. दोघांच्या नियतीत फरक आहे, पण घर सोडून वाळवंटात पाय दोघांनीही टाकला आहे. घरीच बसून राहिलेल्याचा तिथं उल्लेखच नाही. नियत ही केलेल्या कर्माची कसोटी आहे, न केलेल्या कर्माची सबब नव्हे, असं मला वाटतं.

यावर कुणी म्हणेल, नेक कामाचा इरादा केला आणि ते घडलं नाही तरी एक नेकी लिहिली जाते, अशीही हदीस आहे. आहे, आणि माझा तिच्यावर विश्वास आहे. अम्माच्या नावावर अशा कितीतरी नेक्या लिहिल्या गेल्या असतील. पण फरिश्त्यांच्या वहीत जी नोंद होते ती रक्ताच्या वहीत होत नाही. तिथं साखर उतरते ती पाय चालले म्हणजेच.

लहानपणी आम्हाला नमाजची नियत तोंडानं म्हणायला शिकवली. 'नियत करता हूँ मैं' इथून सुरुवात, मग किती रकात, कोणत्या वक्ताची. त्यामुळं ते शब्द म्हणजेच नियत, असं मला कित्येक वर्षं वाटत होतं. इमाम गजाली (मृत्यू ११११) यांनी 'इह्या उलूमुद्दीन'मध्ये नियतीवर स्वतंत्र प्रकरण लिहिलं आहे. ते सांगतात की जिभेनं म्हणणं किंवा मनात शब्द आणणं म्हणजे नियत नव्हे. पोट भरलेल्या माणसानं 'मी भुकेची नियत करतो' म्हटल्यानं त्याला भूक लागते का? नियत म्हणजे मनाची ओढ, आणि ओढ हुकुमानं येत नाही. हे वाचलं तेव्हा मला माझी चूक कळली. मी रोज 'चालायचं' असं म्हणत होते, पण ओढ नव्हती.

ओढ का नव्हती? याचा विचार करताना पुन्हा अम्मा आठवली. ती सगळ्यांना वाढून शेवटी जेवायची. उरलेला भात टाकायचा नाही म्हणून तोही खायची. रमजानमध्ये डॉक्टर नको म्हणत असताना तीसही रोजे धरायची. आजाऱ्याला खुद्द कुरआननं सूट दिली आहे, पण ती सूट घ्यायची तिला लाज वाटायची. तिच्या नियतीत नवरा, मुलं, सासू, शेजार, यतीम, मिस्कीन सगळे होते. फक्त ती स्वतः नव्हती. अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) रोज रोजे धरत आणि रात्र रात्र नमाज पढत. तेव्हा तुझ्या शरीराचाही तुझ्यावर हक आहे, अशी समज पैगंबरांनी (स.) त्यांना दिली. तिथं 'हक' हा शब्द आहे. हक म्हणजे मेहेरबानी नव्हे, देणं. हुकुकुल इबादवर आपल्याकडं किती तकरीरी होतात! पण शरीराचं देणं बुडवणं हीसुद्धा अमानतीत खयानत आहे, हे आपल्या आयांना कुणी सांगितलं? पायाची काळजी घेणं अम्माला खुदगर्जी वाटत असे. इथंच तिची नियत अडली होती, असं मला आज वाटतं.

तरी एक पेच उरतोच. शरीराचा हक मान्य केला, मग चालणं ही इबादत झाली का? गजाली इथंही सावध करतात. पथ्य साधेल म्हणून रोजा ठेवणारा किंवा अंगाला गारवा मिळेल म्हणून वजू करणारा, यांच्या हेतूत भेसळ आली, असं ते म्हणतात. सुरुवातीला मी हातात तसबीह घेऊन चालायची. एके दिवशी मनात आलं, ही तसबीह अल्लाहसाठी आहे की 'सकाळी सकाळी ही बाई कुठं निघाली' असं विचारणाऱ्यांसाठी? तसबीह मी घरी ठेवली. पायांसाठी चालायचं असेल तर पायांसाठी चालते म्हणावं. जाइज कामाला धर्माचा मुलामा द्यायची गरज नसते. प्रामाणिकपणा पुरे.

आता राहिली रोजची गोष्ट. मी शिक्षिका आहे. बी.एड.ला पाठ टाचण काढताना उद्दिष्टाखाली स्पष्टीकरणं लिहावी लागत. 'विद्यार्थ्यांना कवितेची गोडी लागेल' असं लिहिलं की आमचे सर लाल रेघ मारत आणि विचारत, "गोडी लागली हे तुम्हाला दिसणार कसं?" 'तब्येत सुधारायची' हे माझं उद्दिष्टही लाल रेघेच्याच लायकीचं होतं. मग मी स्पष्टीकरण लिहिलं : फजरनंतर मुसल्ल्याची घडी घातली की पायात चपला घालायच्या आणि दहा मिनिटं चालून यायचं. मुसल्ला रोज घडी होतोच, चपला त्याला बांधून टाकल्या. 'अमुक झालं की तमुक करीन' असा इरादा नुसत्या इराद्यापेक्षा जास्त तडीस जातो, असं मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी १९९९ सालच्या एका लेखात मांडलं आहे. आपल्याला हे नवं नाही. हनफी फिक्हनुसार रमजानच्या प्रत्येक रोज्याची नियत वेगळी करावी लागते. मालिकी मतानुसार महिन्याची एकच नियत चालते. चालण्याच्या बाबतीत मी पक्की हनफी आहे. वर्षभराची नियत मला पेलत नाही, आजची पेलते. आणि एखादा दिवस चुकला तर? एक रोजा सुटला म्हणून कुणी महिना सोडत नाही, त्याची कजा करतो. थोडं असलं तरी सातत्यानं केलेलं काम अल्लाहला अधिक प्रिय आहे, ही हजरत आयशा (रजि.) यांनी सांगितलेली हदीस मला या वाटेवर रोज उपयोगी पडली. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं झपझप चालण्याइतके श्रम करायला सांगते. माझी दहा मिनिटं हळूहळू पंचवीस झाली, आठवड्यातले सहा दिवस.

माझी नियत त्यानंतरही घसरलीच. गल्लीतल्या दोन भाभी आणि एक खाला माझ्याबरोबर येऊ लागल्या. "टीचरमुळं आम्हाला सवय लागली," असं त्या म्हणू लागल्या आणि मला ते गोड वाटू लागलं. एका पावसाळी सकाळी कुणीच आलं नाही. मी गल्लीच्या तोंडापर्यंत गेले आणि परत फिरले. घरी येऊन बसले तेव्हा विचार आला, इतके दिवस मी कुणासाठी चालत होते? रिया नमाजमध्येच शिरते असं नाही, चपलेतही शिरते. दुसऱ्या दिवशी पुन्हा कुणी नव्हतं. त्या दिवशी मी पूर्ण चालून आले.

मराठीत एक गंमत आहे. 'नियत' हा आपला शब्द विभक्ती लागली की 'नियतीचा', 'नियतीवर' असा होतो, आणि 'नियती' म्हणजे तर तकदीर. आपण बोलताना जे हातात आहे तेही तकदीरच्या नावावर लिहून मोकळे होतो. अम्मानं तेच केलं आणि मीही तेच करणार होते. तकदीरवर माझा ईमान आहे. उद्या मला हा आजार होणारच नाही, असं मी म्हणू शकत नाही. पण माझ्या पायांचं देणं मी द्यायचं आहे, ते तकदीर देणार नाही.

'इन्शाअल्लाह' मी आजही म्हणते. फक्त आता पायात चपला घातल्यावर म्हणते.