काचेंतील रान
समजा, अंधेरीच्या एका बिऱ्हाडांत मोरीपाशीं झुरळ दिसतांच चप्पल उचलली जाते. आणि त्याच घरांत, काचेच्या पेटींत नेचे, शेवाळ व पाला रचून, मादागास्करचें फूत्कारणारें झुरळ कौतुकानें पाळलें जातें. वाचकांस हें हास्यास्पद वाटेल. पण यांत एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. हा प्राणी पंखहीन, दोन-तीन इंच लांब असून अंगावरील श्वासरंध्रांतून हवा जोरानें सोडून तो फूत्कारतो. झुरळांच्या ४,००० हून अधिक जातींपैकीं माणसाच्या घरांत शिरणाऱ्या अगदीं थोड्या; बहुतेक जाती रानावनांत राहतात. तेव्हां आपली किळस बरीचशी जागेची आहे.

मग पेटींतील हिरवळ कोणासाठीं? केवळ आपल्या डोळ्यांसाठीं असेल, तर तो शोभिवंत तुरुंग. तींत त्या जीवाला लपावयास अंधार, ऊब व ओलावा मिळत असेल, तर निदान आसरा. कंटाळा आल्यावर बोरीवलीच्या राष्ट्रीय उद्यानांत त्याला सोडून देणें ही भूतदया नव्हे. परका जीव तेथें एक तर मरेल, नाहीं तर तेथील जीवांना जाचेल. ज्याला परतावयास रान नाहीं, त्याला शेवटपर्यंत सांभाळणें हें पाळणाऱ्याचें ऋण आहे. दया मनांत येईल तेव्हां करतां येते. ऋण रोज फेडावें लागतें.