मोटारसायकल, पावसाळा आणि तकदीर



अपघाताची बातमी मोहल्ल्यात पोहोचते तेव्हा मशिदीच्या दारात पहिले वाक्य ठरलेले असते: अल्लाहची मर्जी. तकदीरवर श्रद्धा हा ईमानचा भाग आहे. त्यामुळे हे वाक्य खोटे नाही, आणि शोकाकुल घराला त्याच्याइतका आधार दुसऱ्या कशाचा मिळतही नाही. माझी हरकत वेगळी आहे. जे वाक्य संकट कोसळल्यानंतर सब्र करण्यासाठी आहे, ते आपण आदल्या दिवशीच वापरू लागलो आहोत. टायर गुळगुळीत झालेला, ब्रेक दाबला तर गाडी चार हात पुढे जाऊन थांबते, बाहेर पाऊस कोसळतो आहे. आणि किक मारताना माणूस म्हणतो, नशिबात असेल ते होईल. याला तवक्कुल म्हणावे काय?

आपल्या पट्ट्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. आकुर्डीत बजाजच्या स्कूटरी तयार झाल्या. १९९९ पासून त्याच कंपनीचा कारखाना चाकणला आहे आणि २००१ साली आलेली पल्सर तिथेच घडली. पण जो कामगार या गाड्या जोडतो किंवा त्यांचे सुटे भाग तयार करतो, त्याच्यासाठी मोटारसायकल ही हौस नसून रोजीचे साधन आहे. भोसरी, चिखली, मोशीहून पुणे-नाशिक महामार्गाने कुरुळी, निघोजे, महाळुंगेकडे पाळीच्या वेळी निघालेली रांग पाहा. कंपनीची बस बहुधा कायम कामगाराच्या वाट्याला येते; कंत्राटी कामगार आपल्या गाडीवर आणि अनेकदा मागे सहकाऱ्याला घेऊन निघतो. पाऊस आहे म्हणून खाडा केला तर पगार कापला जातो. रात्रपाळी सुटते तेव्हा डोळ्यांत झोप असते, आणि तळेगाव चौकात शेजारी कंटेनर उभा असतो.

उंट बांधून तवक्कुल करण्याची प्रेषितांची (स.) शिकवण तिर्मिजीत आली आहे आणि ती आपल्या मुलांनाही तोंडपाठ असते. तिच्याइतकाच महत्त्वाचा प्रसंग आदरणीय उमर (रजि.) यांचा आहे. ते शामकडे निघाले असता सरग येथे त्यांना पुढे साथ पसरल्याचे कळले. सहाबांचा सल्ला घेऊन त्यांनी परतण्याचा निर्णय केला, तेव्हा अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले की हे अल्लाहच्या तकदीरपासून पळणे नव्हे काय. उमर (रजि.) यांच्या उत्तराचा आशय असा होता की आपण एका तकदीरकडून दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत, दरीची एक बाजू हिरवी आणि दुसरी ओसाड असेल, तर उंट कोठेही चारला तरी ते तकदीरनेच होते. म्हणजे घासलेला टायर ही जशी तकदीर, तसाच तो बदलण्याचा निर्णयही तकदीरच. मग पहिल्याच गोष्टीला अल्लाहची मर्जी म्हणायचे आणि दुसरीला खर्च म्हणायचे, हा न्याय कोठला?

इथवर आपण स्वतःच्या जिवाचा विचार केला. दुसऱ्याच्या जिवाचा प्रश्न अधिक कठीण आहे, आणि त्यासाठी मला मदरशातल्या एका प्रकरणाकडे वळावेसे वाटते. हनफी फिकहचा 'हिदाया' हा ग्रंथ अभ्यासक्रमात असतो. त्याचे कर्ते बुरहानुद्दीन मर्गीनानी हिजरी ५९३, म्हणजे इ.स. ११९७ मध्ये वारले. वाहनाच्या जनावराकडून होणाऱ्या इजेचे एक स्वतंत्र प्रकरण त्यात आहे. विद्यार्थी ते भराभर उरकतात, कारण घोडे-खेचरे आता कोणाच्या दारात आहेत! वास्तविक आपल्या महामार्गासाठी याहून समर्पक पाने मला दुसरीकडे आढळली नाहीत.

त्यातील तत्त्व असे आहे. सार्वजनिक रस्त्याने जाण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, परंतु इतरांना इजा न होण्याच्या अटीवर. आणि ही अट जे टाळता येण्याजोगे आहे त्यापुरतीच लागू होते. जनावराने पायाखाली तुडवले, डोक्याने धडक दिली, चावा घेतला, तर भरपाई स्वाराने द्यायची. चालता चालता त्याने मागच्या पायाची लाथ झाडली किंवा शेपटीचा फटका बसला, तर स्वार जबाबदार नाही, कारण चालत्या जनावराला त्यापासून रोखणे त्याच्या हाती नसते. मात्र त्याने जनावर रस्त्यातच उभे केले असेल, तर त्या लाथेचीही जबाबदारी त्याच्यावर येते; रस्त्यात न थांबणे तर त्याच्या हाती होते. खुराने उडालेली धूळ किंवा बारीक खडा कोणाच्या डोळ्यात गेला तर स्वार निर्दोष. मोठा दगड उडाला तर मात्र दोषी, कारण मोठा दगड दामटल्याशिवाय उडत नाही.

किती बारीक नजर आहे पाहा! तकदीर सर्वत्र आहेच. पण माणसाची जबाबदारी कोठवर, हे ठरवताना फकीहांनी बारीक खडा आणि मोठा दगड यांच्यामध्ये रेषा ओढली.

आता आपली गाडी या रेषेपाशी उभी करू. टायरच्या खाचा रस्त्यावरचे पाणी बाजूला सारतात. त्या झिजल्या की रबर आणि डांबर यांच्यामध्ये पाण्याचा थर राहतो आणि गाडी घसरते. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे मुद्दाम ठेवलेले असतात; टायर त्यांच्या बरोबरीला झिजला की तो बदलायचा, हे कोणालाही वाकून पाहता येते. साचलेल्या पाण्यातून गेल्यावर ड्रम ब्रेक काही वेळ नीट लागत नाही. ब्रेक हलकेच दाबत थोडे अंतर गेले की तो वाळतो. पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल वर येते आणि त्या दिवसाइतका निसरडा रस्ता वर्षभरात क्वचितच असतो. ढिली चेन उतरून चाक अडकू शकते. यांपैकी एकही गोष्ट शेपटीच्या फटक्यासारखी नाही. पुढच्या ट्रकच्या चाकाखालून उडालेली खडी, पाण्याखाली न दिसलेला खड्डा, ही बाब निराळी. खड्ड्याचा जाब तर तो न बुजवणाऱ्यांनीच द्यायचा आहे.

यावर एक प्रामाणिक आक्षेप ऐकू येतो. गाडीचा हप्ता, खोलीचे भाडे आणि गावी पाठवायचे पैसे गेल्यावर टायर कोठून आणायचा? या तक्रारीला मी आळस म्हणणार नाही. ज्याचा पगार कंत्राटदार दोन-दोन महिने अडकवतो, त्याच्या घासलेल्या टायरचा काही हिस्सा त्या कंत्राटदाराच्या हिशेबात अल्लाहपाशी लिहिला जात असेल, असे मला वाटते. मोहल्ल्यात इफ्तारच्या दावतीला पैसा सहज जमतो. गरजू कामगाराच्या ब्रेक-लायनरसाठी कोणी पेटी फिरवल्याचे मी पाहिलेले नाही. पण तंगीमुळे टायर बदलता आला नाही तरी वेग कमी करता येतो. त्याला पैसा लागत नाही, लागतात ती दहा मिनिटे. वाहनावर बसताना आपण जी दुआ म्हणतो, तिचा अर्थही ध्यानात घ्या: हे वाहन अल्लाहने आपल्या अधीन केले, एरवी ते आवरण्याचे सामर्थ्य आपल्यात नव्हते. ही कबुली तोंडाने देऊन लगेच मूठ पिळणे विसंगत आहे.

कायद्याने सक्तीचा असलेला तृतीय पक्षाचा विमा काढण्यास, सक्ती म्हणून, अनेक उलेमांनी परवानगी दिली आहे. त्यामुळे जखमी झालेल्याला किंवा मृताच्या वारसांना न्यायाधिकरणातून काही रक्कम मिळते. मात्र सूरह निसामध्ये (४:९२) चुकून झालेल्या हत्येसाठी रकमेखेरीज कफ्फाराही सांगितला आहे: गुलाम मुक्त करणे, आणि ते शक्य नसेल तर सलग दोन महिन्यांचे रोजे. हिदायाच्या त्याच प्रकरणात जनावर हाकणाऱ्यावर किंवा त्याला ओढत नेणाऱ्यावर कफ्फारा नाही, स्वारावर आहे. ज्याच्या वजनाखाली माणूस चिरडला, तो स्वतः मारणारा ठरतो. झोपेत कूस बदलताना कोणी अंगाखाली दबून मेला, तरी फिकहने कफ्फारा माफ केलेला नाही. रात्रपाळीहून डुलक्या घेत परतणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. आजच्या एखाद्या अपघातात हे नियम कसे लागू होतील, ते त्या घटनेचा तपशील सांगून मुफ्तींना विचारायचे. इमाम म्हणून मला जनाजाची वेळ विचारायला लोक येतात, दुआ करायला सांगतात. ज्याच्या गाडीखाली दुसऱ्याचा जीव गेला, तो या दोन महिन्यांच्या रोज्यांविषयी विचारायला अजून माझ्याकडे आलेला नाही.