धर्माच्या शाळेतील शिक्षकाने दाद कोठे मागावी?

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत आपली अनेक नवदीक्षित कुटुंबे कारखान्यांवर जगतात. बापाला कामावरून काढले तर युनियन आहे, कामगार कायदा आहे, हे घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असते. पण त्याच घरातली बी.एड. झालेली मुलगी एखाद्या धार्मिक संस्थेच्या शाळेत शिकवत असेल आणि संस्थेने तिला घरी बसविले, तर? "बाई, ही नोकरी नव्हे, सेवा आहे," एवढेच तिला ऐकविले जाते.

गोव्यात असा खटला झाला. कारंझाळे येथील फ्रान्सिस्कन भगिनींच्या शाळेने 1975 साली एका शिक्षिकेला काढले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 1988 साली न्यायालयाने निकाल दिला की, शाळा 'उद्योग' असली तरी 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे शिक्षक 'कामगार' नव्हे. अध्यापन हे उदात्त कार्य आहे. म्हणजे शाळेतला कारकून कामगार, आणि बाई मात्र उदात्त!

आपल्या वाडवडिलांचे काम हीन ठरवून त्यांचा मोबदला बुडविला गेला. वतनाच्या नावाखाली त्यांना रात्रंदिवस राबविले. 1928 साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले ते याच वेठीविरुद्ध. काम हीन म्हणून हक्क नाकारा की उदात्त म्हणून नाकारा, जिच्या पगारावर चूल पेटते तिला त्यात फरक काय?

महाराष्ट्रातील शिक्षक मात्र अगदीच निराधार नाही. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठी 1977 चा सेवाशर्तींचा कायदा आहे. मान्यताप्राप्त शाळेने काढून टाकल्यास 30 दिवसांच्या आत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. तो अल्पसंख्याकांच्या शाळांनाही लागू आहे. सूट आहे ती मुख्याध्यापक आणि संस्थेने कळविलेल्या फार तर आणखी तिघांच्या नेमणुकीपुरती.

आता बोट आपल्याकडे वळवू. 1993 पासून बौद्ध हे केंद्र सरकारच्या यादीत अल्पसंख्याक आहेत. घटनेच्या कलम 30 ने शाळा काढण्याचा व चालविण्याचा हक्क आपल्यालाही आहे. ज्या देहूरोडला 25 डिसेंबर 1954 रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्ती बसविली, तेथे उद्या आपली शाळा उभी राहिली, तर "धम्मकार्य आहे, निम्म्या पगारात करा" असे आपण शिक्षकाला म्हणणार काय?

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी मालकाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत: शक्ती पाहून काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारात शुश्रूषा करावी, गोडधोडात वाटा द्यावा, वेळेवर सुट्टी द्यावी. वेतन त्यात स्पष्ट आहे. शिक्षिकेने पूर्ण पगार हाती पडल्यावर स्वखुशीने काही दिले, तर ते दान. पूर्ण रकमेच्या पावतीवर सही घेऊन हातात कमी पैसे ठेवले, तर ते अदिन्नादान; आणि आपण तर दुसरे शील रोज म्हणतो.

म्हणून शाळा काढू पाहणाऱ्या आपल्या मंडळांनी इमारतीच्या वर्गणीआधी एवढे ठरवावे: नेमणूकपत्र लेखी, पगार थेट बँकेत, आणि काढायची वेळ आलीच तर आधी रीतसर चौकशी.