घरी नागीण सांगितली

नागीण म्हटलं की घरात सहानुभूती मिळते. आई गेरू उगाळून देते, मावशी फोनवरून "विळखा पुरा होऊ देऊ नकोस रे" म्हणून बजावते, आणि कमरेखाली नेमकं कुठे, हे कोणी विचारत नाही. म्हणून मी नागीण सांगितली. डॉक्टरांच्या कागदावर होतं हर्पिस सिम्प्लेक्स, टाइप २. नागीण येते ती कांजिण्यांच्या विषाणूमुळे. हा विषाणू वेगळा. दोघांचं आडनाव तेवढं एक. तेवढ्यावर माझं खोटं उभं राहिलं.

निदान ऐकताच पहिला विचार कोणाचा आला? बायकोचाच. पण 'तिला लागण झाली तर' असा नव्हे, 'तिच्याकडून तर नाही?' असा. लग्नाआधीच्या स्वतःच्या वर्षांकडे मी वळलो ते नंतर. डॉक्टर म्हणाल्या, हा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी वर्षानुवर्षं गप्प बसून राहतो. कित्येकांना तो आपल्यात आहे हे कधी कळतही नाही. म्हणजे कोणाकडून आला, हे आता ठरणार नव्हतं. याचं मला वाईट वाटलं की बरं? खरं सांगायचं तर बरंच वाटलं.

मग काळजी घेणं सुरू झालं. वेगळा टॉवेल, वेगळा साबण, वेगळा पेला. कमोडची सीट दोनदोनदा पुसायची. "सोवळं सुरू केलंस की काय?" बायकोनं थट्टेत विचारलंही. हा विषाणू शरीराबाहेर फार टिकत नाही, टॉवेलनं किंवा सीटवरून सहसा पसरत नाही, हे मला सांगितलेलं होतं. तो पसरतो त्वचेला त्वचा लागून, आणि कधीकधी एकही फोड दिसत नसताना. खरे उपाय साधेच होते: चुणचुण किंवा फोड असताना दूर राहणं, एरवी निरोध, आणि रोजची गोळी, जिच्यामुळे जोडीदाराला लागण होण्याचा धोका साधारण निम्म्यावर येतो. पण यातलं काहीच तिला न सांगता नीट जमणारं नव्हतं. तोंड न उघडता जे जमत होतं ते मी निष्ठेनं केलं. बाकीच्यासाठी 'योग्य वेळ' शोधत राहिलो. कंबर दुखतेय म्हणून पाठ फिरवून झोपायचो आणि मनात त्याला त्याग म्हणायचो!

त्यातच बहिणीच्या बाळाचं बारसं आलं. मी बाळाला घेतलं नाही. सर्दीचं निमित्त सांगितलं. हात स्वच्छ धुतले असते तर माझ्याकडून त्याला तसा धोका नव्हता. पण तिच्या सासरचे एक काका ओठावर तापाचा फोड घेऊन आले होते आणि बाळाचे पापे घेत होते. तो फोड बहुधा टाइप १ चा. जगातल्या पन्नाशीच्या आतल्या निम्म्याहून अधिक माणसांत तो असतो, त्याची कोणाला लाजही नसते. तान्ह्या बाळाच्या मात्र तो जिवावर बेतू शकतो. हे सगळं मी वाचलेलं होतं. तरी बोललो नाही. 'तुला रे एवढी माहिती कशी?' असं कोणी विचारलं असतं तर?

बाळाला काही झालं नाही. त्याचं श्रेय माझ्याकडे जात नाही.

त्या रात्री मला पहिल्यांदा नीट शंका आली. माझ्या माणसांना लागण होईल, ही माझी भीती होती, की त्यांना कळेल, ही? पहिली खरी असती तर मी त्या काकांना अडवलं नसतं का? पहिली भीती अजिबात नव्हती असंही नाही. पण दुसरी तिच्या पदराआड मजेत वाढत होती.

बायकोला मग सांगितलं. तिनं आधी आजाराबद्दल विचारलंच नाही. "आईंना नागीण सांगितलीस, ते समजू शकते. मलाही?" एवढंच म्हणाली. नंतर डॉक्टरांकडे एकटी गेली. तुझ्या तोंडून ऐकलेलं मला पुरेसं नाही, म्हणाली. तिला राग येऊ नये, अशी अपेक्षा करायचा मला काय अधिकार?

बहिणीलाही फोन केला. ओठावर फोड असलेल्या कोणालाही बाळाचा पापा घेऊ देऊ नकोस, म्हटलं. विषाणूची माहिती दिली, स्वतःची नाही. आईला तर अजूनही नागीणच ठाऊक आहे. ज्यांना माझ्यापासून धोका नाही त्यांना सगळं सांगायलाच हवं का? मला वाटतं, नको. फक्त हे उत्तर मला फारच लवकर पटलं, एवढं खुपतं.