पुनर्खेळ, पाठ आणि सचोटी

भारतीय प्रताधिकार कायद्यात १९८४ साली झालेल्या दुरुस्तीने संगणक-प्रणालीचा समावेश 'साहित्यकृती'च्या व्याख्येत केला. कायद्याच्या दृष्टीने ही एक सोय होती. साहित्यसमीक्षेने तिची फारशी दखल घेतली नाही. तरीही या वर्गीकरणातून उद्भवणारा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. पुस्तक मिटलेले असले तरी त्यातील अक्षरे वाचनीय राहतात. प्रणाली मात्र चालविल्याखेरीज खेळ म्हणून प्रत्ययाला येत नाही. मग तीस-चाळीस वर्षांपूर्वीचा एखादा संगणकीय खेळ आजच्या यंत्रावर पुन्हा चालता करणे ही कृती कोणत्या जातीची मानावी : पाठचिकित्सा, प्रयोग, की वाचन? आणि असा खेळ दुसऱ्यांदा खेळणाऱ्याच्या नैतिक निवडीला कोणता अर्थ उरतो?

या प्रश्नांसाठी रिचर्ड गॅरियट यांचा 'अल्टिमा-४' (१९८५) हा खेळ विशेष उद्बोधक आहे. खेळणाऱ्याने एका पात्राची भूमिका घेऊन काल्पनिक जगात संचार करावा, असे 'रोल-प्लेइंग' खेळांचे सर्वसाधारण स्वरूप असते. आधीच्या खेळांत खेळाडू जिंकण्यासाठी गावकऱ्यांना लुटतात आणि मारतात, हे लक्षात आल्यावर गॅरियट यांनी खलनायकच नसलेला हा खेळ रचला. सचोटी, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, प्रतिष्ठा, अध्यात्म आणि विनम्रता हे आठ गुण अंगी बाणवून 'अवतार' होणे, हे येथील साध्य होय. अवतार ही संज्ञा भारतीय परंपरेतून घेतलेली आहे. परंतु आपल्याकडे अवतार वरून खाली येतो, येथे मात्र माणूस आचरणाने वर चढतो. या खेळात वनौषधी विकणारी एक आंधळी स्त्री आहे. किती नाणी द्यावयाची हे ग्राहकाने स्वतःच सांगावयाचे असते. कमी दिली तरी व्यवहार पार पडतो, तक्रार होत नाही. केवळ सचोटीचा अदृश्य हिशोब घटतो.

असा खेळ मीरा रोड किंवा भाईंदर येथील एखाद्या सदनिकेत आज चालू करावयाचा झाल्यास काय घडते, हे पाहण्याजोगे आहे. मिठागरे आणि कोळीवाड्यांच्या या पट्ट्यात 'अल्टिमा-४' निघाला त्याच वर्षी नगरपरिषद आली. २००२ मध्ये महानगरपालिका झाली. त्याच २००२ साली 'डॉसबॉक्स' हा एम्युलेटर प्रथम प्रसृत झाला. एम्युलेटर नव्या यंत्रात जुन्या यंत्राची नक्कल उभी करतो आणि आपण आपल्याच काळात आहोत असे प्रणालीला भासवितो. जुने कित्येक खेळ प्रक्रियकाच्या गतीलाच घड्याळ मानून लिहिलेले असल्यामुळे नव्या यंत्रावर ते अनावर वेगाने धावतात. म्हणून यंत्राला मुद्दाम मंद करावे लागते. ही मंदगती किती असावी, हे पुष्कळदा खेळणाऱ्याची स्मृतीच ठरविते. म्हणजे संहितेला हात न लावताही अर्थनिर्णय करावाच लागतो. या अर्थी ही कृती प्रयोगाच्या जातीची आहे.

रसिकांनी केलेल्या दुरुस्त्यांची गोष्ट वेगळी. त्या थेट पाठात शिरतात. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तिच्यात पदरची ओवी घालण्यास बजावून मनाई केली. दोष काढणे आणि भर घालणे यांतील ही सीमारेषा खेळांच्या बाबतीत सतत ओलांडली जाते. 'प्लेनस्केप : टॉर्मेंट' (१९९९) या खेळाची सुधारित आवृत्ती २०१७ मध्ये निघाली, तेव्हापासून कोणत्या पाठाविषयी बोलत आहोत, हे अभ्यासकाला आधी सांगावे लागते.

आता दुसरा प्रश्न. पुनर्खेळ करणाऱ्याला आंधळ्या विक्रेतीचा हिशोब ठाऊक असतो. मग त्याने पूर्ण किंमत दिली, तर ती सचोटी की निव्वळ व्यवहारचातुर्य? न. चिं. केळकरांनी १९२१ च्या बडोदे येथील संमेलनात मांडलेली 'सविकल्प समाधी'ची कल्पना येथे उपयोगी पडते. स्वतःचे भान न सोडता परभूमिकेशी तादात्म्य पावणे हे खेळणाऱ्याच्याही वाट्याला येते. परंतु वाचकाला कृती करावयाची नसते, खेळाडूला करावी लागते. शिवाय केलेली कृती पूर्वस्थिती परत आणून पुसूनही टाकता येते. परिणाम जेथे पुसता येतो, तेथे निवडीचे मोल घटते, हा आक्षेप रास्त आहे.

तथापि, मराठी परंपरेत वाचनाहून निराळी अशी पारायणाची कल्पना आहे. पारायण करणाऱ्याला कथा ठाऊक असते. पुढे काय होणार या कुतूहलाने तो ग्रंथ हाती घेत नाही. त्याची कसोटी ग्रंथाच्या आत नसून बाहेरच्या वर्तनात असते. पुनर्खेळही तसाच पाहिला, तर पहिल्या खेळात गुणांची परीक्षा होते आणि दुसऱ्यात त्या परीक्षेचीच परीक्षा होते : हिशोब ठेवणारा कोणी नसता, तर किती नाणी दिली असती?

हा प्रश्न काल्पनिक राहत नाही. १९९० च्या दशकात मुंबई परिसरातील पुष्कळांना असे खेळ प्रथम भेटले ते विनापरवाना प्रतींतून. मूळ खेळासोबत आलेला कापडी नकाशा आणि पुस्तिका त्यांनी पाहिल्याही नाहीत. त्या व्यवहारात आंधळी विक्रेती म्हणजे दूरचा रचनाकारच होता. त्याला ग्राहक दिसत नव्हता. २००८ पासून 'जीओजी'सारख्या विक्रेत्यांकडून जुने खेळ रीतसर मिळू लागले, तेव्हा निदान काही ऋणे फेडण्याजोगी झाली. परंतु ज्या कृतीचा स्वामी कोण हेच उमगत नाही, तिचे काय? साहित्यकृतीवरील प्रताधिकार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. चुंबकीय तबकडी तितकी टिकेल असा भरवसा नाही. अशा स्थितीत प्रत करणे हे जतन ठरू शकते. मात्र जतनाचे नाव घेऊन देय किंमत टाळणे हे जतन नव्हे. जेथे विक्रेता हयात आहे तेथे पूर्ण मोल देणे आणि जेथे तो उरलेला नाही तेथे पाठ निर्भेळ राखणे, ही एकाच सचोटीची दोन रूपे होत. समीक्षेने या कृतींना साहित्य मानले, तर दुसऱ्या रूपाची जबाबदारी तिच्यावरही येते.