बापाचा छंद

सहामाही परीक्षेच्या आधी मी आठवीच्या वर्गाला निबंधासाठी एक विषय दिला, 'माझ्या वडिलांचा छंद'. खरे सांगायचे तर पावसाळ्यातला एक दिवस, माझा आवडता सण, मी पंतप्रधान झालो तर, हे विषय तपासून तपासून मीच कंटाळलो होतो. विषय नवा दिला म्हणजे मुले नवे लिहितील, अशी एक भाबडी समजूत शिक्षकाच्या मनात निवृत्तीपर्यंत टिकून असते.

वह्या घरी आणल्या आणि माडीवर तपासायला बसलो. एकाने लिहिले होते, 'माझ्या वडिलांना काम करण्याचा छंद आहे.' दुसऱ्याने, 'माझ्या वडिलांचा छंद झोपणे हा आहे, कारण ते रात्रपाळीला असतात.' तिसऱ्याचे वडील मोबाईल बघतात. त्याला छंद म्हणतात का, असे त्याने मलाच विचारले होते आणि पुढे प्रश्नचिन्ह काढले होते. एकाचे वडील फुटबॉलची मॅच बघायला जातात आणि पेठेचा संघ हरला, तर दोन दिवस कुणाशी बोलत नाहीत. हा मुलगा शेवटी लिहितो, 'म्हणून संघ जिंकावा असे आमच्या आईला फार वाटते.' मी खूप हसलो. पण जवळजवळ निम्म्या वह्यांत एकच वाक्य थोड्याफार फरकाने होते : माझ्या वडिलांना छंद नाही, त्यांना वेळ मिळत नाही.

विषय फळ्यावर लिहिला, तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला होता. "सर, आईचा लिहिला तर चालेल?" मी म्हणालो, "विषय वडिलांचा आहे." वर्गात तो प्रश्न तेवढ्यावर मिटला.

माझ्या मनात मात्र तो मिटेना. छंद म्हणजे काय? जे करायला आपल्याला कुणी सांगितलेले नाही, आणि जे केले नाही तर कुणाचेच अडत नाही, ते. मग ज्याच्या असण्यावर चार माणसांचे पदोपदी अडते, अशा संसारी पुरुषाला असले काही करण्याचा अधिकार आहे का? पुष्कळांना हा प्रश्न हास्यास्पद वाटेल. छंदाने मन ताजे राहते, प्रकृती सुधारते, असे डॉक्टरसुद्धा सांगतात. सांगोत बापडे! पण दिवस चोवीस तासांचाच असतो, आणि छंदाला दिलेला तास कुठून तरी उचलावा लागतो. तो नोकरीतून उचलता येत नाही. झोपेतून थोडासा उचलता येतो. उरलेला घरातूनच येतो. उचलताना आपण कुणाला विचारतो काय, एवढाच माझा प्रश्न आहे.

माझे वडील, अण्णा, शाहू मिलमध्ये मागावर होते. शाहू महाराजांनी १९०६ साली पाया घातलेली ही गिरणी. तिच्या भोंग्यावर आमच्या मंगळवार पेठेतल्या कित्येक घरांच्या चुली पेटत आणि विझत. पहिली पाळी संपवून अण्णा आले, की हातपाय धुऊन, चहा घेऊन, खिडकीजवळच्या पाटावर बसत. पाटावर एक पांढरे फडके, त्यावर चिमटा, भिंग, घासलेटाची वाटी आणि कुणाचे तरी बिघडलेले घड्याळ. हे त्यांना कुणी शिकवले नव्हते. लग्नात मिळालेले घड्याळ बंद पडले, ते त्यांनी उघडले, पुन्हा जुळवताना दोन चाके उरली, आणि तरीही ते चालले! तेव्हापासून त्यांना हे वेड लागले, असे ते सांगत. पेठेतली सगळी आजारी घड्याळे आमच्याकडे येत. गजराची, भिंतीवरची लंबकाची, मनगटावरची एच. एम. टी. पैसे अण्णा घेत नसत. "पैसं तर घ्यायचं न्हाई, आणि वर च्या आमचाच!" ही आईची कायमची तक्रार. एकदा माझ्या भातात बारीकसा स्क्रू घावला. आईने कपाळाला हात लावला. अण्णांना मात्र मनापासून आनंद झाला. दोन दिवस ते तो स्क्रू शोधत होते.

मी त्यांच्या शेजारी बसायचो. माझ्याकडे भिंग धरायचे काम असे. एरवी मिलमधून दमून आलेला हा माणूस चार शब्द बोलत नसे. पण घड्याळ उघडले की त्यांची जीभही उघडे. ही कमान, हे दंतचक्र, हा लंगर. दुरुस्त झालेले घड्याळ ते आधी स्वतःच्या कानाला लावत आणि मग माझ्या. बापाचे आणि माझे जे काही बोलणे झाले, ते या पाटावर. म्हणजे त्यांनी घरातून उचललेला तास निदान माझ्या बाबतीत तरी घरातच पडला होता.

२००३ साली मिल बंद झाली. अण्णांच्या हातात दुसरे कसब नव्हते. मागावरचा माणूस माग सोडून काय करणार? त्यांचे काही सोबती उद्यमनगरात भट्टीवर गेले, काही वॉचमन झाले. अण्णांना सगळ्यांनी एकच सल्ला दिला. तुमच्या हातात कला आहे, तिचाच धंदा करा! मीही दिला. मिरजकर तिकटीजवळ एका दुकानाच्या पायरीशी त्यांनी काचेची पेटी आणि स्टूल मांडले.

आवडीचे काम हाच ज्याचा व्यवसाय, तो भाग्यवान, असे आपण मुलांना सांगतो. आमच्या कोल्हापुरात तर याचा धडधडीत पुरावाच आहे. बाबूराव मेस्त्री हा कारागिराच्या घरातला मुलगा. चित्रांचे वेड असे, की घराण्याचे आडनाव मागे पडून 'पेंटर' हेच आडनाव झाले. पुढे सिनेमाचे वेड. बंधू आनंदराव १९१६ साली अर्ध्यावर सोडून गेले, तरी बाबूरावांनी खटपट सोडली नाही. कॅमेरा स्वतः बनवला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे. त्याच्यासमोरून जाताना माझी मान अजून आपोआप वर होते. मात्र बाबूराव पेंटरांचा दाखला सर्वसामान्य बापांना देताना थोडे सावध असावे. त्यांच्या छंदाला पुढे स्तंभ मिळाला. ज्यांच्या छंदाला स्तंभ मिळाला नाही, अशांच्या घरी काय झाले, हे कुणी लिहून ठेवत नाही.

अण्णांच्या बाबतीत झाले ते असे. चावीची घड्याळे लोकांच्या घरातून तोवर गेलीच होती. तिकटीवर येणारे गिऱ्हाईक म्हणे, सेल बदला. नाहीतर, पट्टा बदला. दोन-तीन वर्षांनी एका संध्याकाळी मी त्यांना सहज विचारले, "आज कुठलं घड्याळ उघडलं?" ते म्हणाले, "घड्याळ कुठं बघतोय मी? सेल बदलतोय नुसता." त्यांनी घरी घड्याळ उघडणे केव्हाच थांबवले होते. पाट पुन्हा जेवायला उपयोगी पडू लागला. अण्णा आता संध्याकाळी पूर्ण मोकळे असत. टी. व्ही.पुढे बसत, आणि बसून राहत. तो सगळा वेळ न्यायाने आमचा होता. पण त्यातला आम्हाला कितीसा मिळाला? छंद सोडला, की वेळ आपोआप बायकामुलांच्या पदरात पडतो, हे गणित कुणी मांडले असेल, त्याने ते अशा घरात बसून ताडून पाहावे.

इथवर मी अण्णांचा वकील आहे. आता मला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहायचे आहे.

मी कादंबऱ्या लिहितो. शाळा पोटासाठी आहे, कादंबरी कुणी सांगितलेली नाही. तेव्हा माझ्याच व्याख्येप्रमाणे तो छंद ठरतो. रविवार आणि सुट्ट्या मी माडीवर काढतो. पाच वर्षांपूर्वी माझी मुलगी आठ वर्षांची होती. दिवाळीची सुट्टी लागली. "पप्पा, किल्ला करायचा ना?" मी म्हणालो, "हे प्रकरण संपू दे." ती तीनदा जिना चढून आली. तिन्ही वेळा मी तेच सांगितले, आणि ते खोटेही नव्हते. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी खाली आलो, तर अंगणात किल्ला उभा होता. अण्णांनी आणि तिने मिळून केला होता. दगड, माती, वर हिरवेगार अळीव. महादरवाजावर एका जुन्या गजराच्या घड्याळाची तबकडी बसवली होती. मुलीने मला तो दाखवला. हा बुरूज, ही विहीर, इथे मावळे, असे बोट करून, अगदी नीट दाखवला. पाहुण्यांना दाखवतात तसा.

ते प्रकरण बाप आणि लेकीच्या नात्यावरचे होते. पुस्तक निघाल्यावर त्याच प्रकरणाबद्दल सर्वांत अधिक पत्रे आली. नाते किती हळुवार रंगवले आहे, असे त्यांत होते. ती पत्रे मी जपून ठेवली आहेत. का, ते मला सांगता येणार नाही.

वि. स. खांडेकर शिरोड्याची अठरा वर्षांची मास्तरकी सोडून १९३८ साली कोल्हापुरात आले. 'ययाती' त्यांनी याच गावात राहून लिहिली. ती १९५९ साली निघाली आणि पुढे १९७४ चे ज्ञानपीठ त्यांना मिळाले. महाभारतातल्या मूळ ययातीला आपण भोगलोलुप बाप म्हणून नावे ठेवतो. मुलाचे तारुण्य मागणारा बाप! पण त्या रात्री मला त्याचा एक गुण दिसला. त्याने मागितले तरी. पाचही मुलांपुढे तो एकेकदा उभा राहिला, चौघांचे नकार ऐकून घेतले, आणि पूरूला आपण काय देत आहोत, हे ठाऊक होते. शिवाय शेवटी त्याने ते परत केले. मी काही मागितले नव्हते, म्हणून मला नकार मिळाला नाही. आणि आठ वर्षांच्या मुलीची दिवाळी कशी परत करायची असते, हे व्यासांनीही सांगून ठेवलेले नाही.

पण वर्गातल्या त्या मुलीचा प्रश्न आणखी निराळाच होता. अण्णांचा छंद, माझा छंद, बाबूरावांचा छंद! या सगळ्यांत आईचा छंद कोणता, हे मला चाळिशी उलटेपर्यंत सुचलेच नव्हते. परवा वह्या बाजूला ठेवून मी खाली गेलो. आई चकलीची भाजणी चाळत होती. मी विचारले. ती आधी हसली. मग चाळण थांबवून म्हणाली, "तुझा बाप घड्याळं उघडून बसला, की कुणी जोरात बोलायचं न्हाई. बारीक चाक उडून जाईल म्हणून. तू बी तिथंच बसायचास. त्यो तासभर मला कुणी हाक मारायचं न्हाई. त्यो तास माझा."

"काय करायचीस त्या तासात?"

"काय न्हाई. बसायची."

हे ऐकून मला फार बरे वाटले. आणि इतके बरे वाटले, म्हणूनच मी थोडा सावध झालो. अण्णांनी तो तास तिला दिला नव्हता. त्यांच्या पाटावरून सांडलेला तिने वेचून घेतला होता. मी माडीवर असतो, तेव्हा माझ्या बायकोला तसा एखादा तास सांडलेला मिळतो का? हे मी अजून विचारलेले नाही. दिवाळीच्या गडबडीत विचारू नये, असे कारण मी काढले आहे. कारण चांगले आहे, यात शंका नाही.

कादंबरीचे पुढचे प्रकरण अडले आहे. मातीची दोन पोती मात्र शनिवारीच आणली आणि अंगणात दाराशी टेकवून ठेवली. मुलगी आता तेरा वर्षांची आहे. तिने पोत्यांकडे पाहिले आणि काही बोलली नाही. अण्णांनी माळ्यावरून कसलासा डबा काढला आहे. आई सकाळी बाहेर आली, पोत्यांभोवती एकदा फिरली आणि म्हणाली, "हितं नगंत ही. तिकडं भिंतीला सरकीव. माझी रांगोळी कुठं काढू मी?"